शिराळ्यात नाग दिसला नाही

आमच्या टीममध्ये चारच माणसं अशी आहेत की जी शुक्रवारी संध्याकाळी ठरवतात आणि शनिवारी सकाळी खरंच निघतात. बाकीचे ग्रुपवर नुसते अंगठे दाखवतात. तर त्या चारांत मी, आमची टेस्टर (जिला जगातल्या प्रत्येक गोष्टीत बग दिसतो), चौदा महिने कार्डिफला राहून नुकताच परत आलेला एक प्राणी (याचं नाव आता कायमचं 'ऑनसाइट' पडलंय), आणि आमचा डेटाबेसवाला, जो मूळचा शिराळ्याचा. त्याला शिराळकर म्हणू. हे त्याचं आडनाव नाही, पण ऑफिसात सगळे तेच म्हणतात.

परत आल्यापासून ऑनसाइटनं आमचं डोकं खाल्लं होतं. कार्डिफ असं, कार्डिफ तसं. शनिवारी सकाळी उठायचं, किल्ला बघायचा, म्युझियम बघायचं, दुपारी खाडीवर जायचं, संध्याकाळी चार वाजता अंधार, घरी येऊन खिचडी. "तुम्ही लोक वीकेंडला काय करता? मॉल!" हे त्यानं तिसऱ्यांदा म्हटल्यावर शिराळकर शांतपणे म्हणाला, "माझ्या गावाला चल. किल्ला आहे, जुनं देऊळ आहे, जंगल आहे. मुक्काम आमच्याकडं, जेवण आईच्या हातचं." टेस्टरनं लगेच विचारलं, "आणि नाग?" त्यावर तो काही बोलला नाही. नुसता हसला.

डिसेंबरातला शनिवार. पहाटे साडेपाचला कात्रज सोडलं. खंबाटकी, साताऱ्याच्या अलीकडं चहा, उंब्रज, कराड... हा रस्ता बहुतेकांना पाठ असतो, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. फक्त एवढंच की कराडच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. दोन-दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि मागं एकही दिवा नाही! पेठ नाक्याला हायवे सोडून उजवीकडं वळलं की रस्ता एकदम बदलतो. गाड्या कमी, झाडं जास्त, आणि पश्चिमेला सह्याद्रीची रांग हळूहळू उंच व्हायला लागते. सांगली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्राक्षं, हळद आणि दुष्काळ येतो. शिराळा तालुका यात कुठंच बसत नाही. इथं भात पिकतो, पाऊस धो धो पडतो आणि पलीकडच्या अंगाला कोकण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावाला बत्तीस शिराळा म्हणतात, कारण जुन्या काळी याच्याभोवती 32 गावांचा मुलूख होता. गाव प्रसिद्ध आहे नागपंचमीसाठी. गोष्ट अशी सांगतात की गोरखनाथ भिक्षा मागायला एका घरी आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथ म्हणाले, जिवंत नागाची पूजा करशील का? तेव्हापासून शिराळ्यात पंचमीला जिवंत नाग पुजायची रीत पडली. आधी अंबामातेचा कौल घ्यायचा, मग रानात जाऊन नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, पंचमीला पूजा करायची, मिरवणूक काढायची आणि नंतर जिथून धरला तिथं नेऊन सोडायचा. पुढं पुढं या मिरवणुकीला लाखांनी माणसं यायला लागली, परदेशी वाहिन्यांचे कॅमेरे आले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होताच, त्याच्या आधारानं 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानं नाग पकडणं, त्यांचे खेळ आणि मिरवणूक सगळं बंद केलं. आता तिथं पंचमीला नागाच्या प्रतिमेची पूजा होते. म्हणजे आम्ही जो नाग बघायच्या आशेनं निघालो होतो, तो पंचमीलाही दिसला नसता, डिसेंबरात तर सोडाच.

घरी पोचलो तर काकूंनी दारातच विचारलं, "एवढ्या थंडीचं पहाटं निघालाईसा व्हय? या, आत या." भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा, घट्ट दही. ऑनसाइटनं खर्डा चटणीसारखा घेतला आणि नंतरची दहा मिनिटं तो कार्डिफबद्दल एक शब्द बोलला नाही. :)

जेवून किल्ला बघायला निघालो. किल्ला म्हणजे भुईकोट. डोंगर चढायचा नाही, दम लागत नाही, त्यामुळे आपण ट्रेकवाले त्याला किल्लाच मानत नाही. उरलंय फार थोडं. पण 1689 मध्ये संभाजीराजांना संगमेश्वराहून कैद करून नेत होते तेव्हा मुघलांचा तळ इथं पडला होता, आणि राजांना सोडवायचा एक प्रयत्न याच ठिकाणी झाला, असं गाव सांगतं. तो प्रयत्न फसला. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शिराळकर हे सांगताना असं सांगत होता की जणू गेल्या महिन्यातली गोष्ट आहे आणि त्यात आपल्या गल्लीतली माणसं होती. टेस्टर गप्प झाली होती. ती गप्प होणं हा आमच्या टीमसाठी एक इव्हेंट आहे.

तिथून गोरखनाथाच्या मठात गेलो. तिथं झाडाच्या सावलीत दोन म्हातारे बसले होते. एकानं विचारलं, "कुठनं आला पाव्हणं?" पुणे म्हटल्यावर दुसरा लगेच, "नाग बघाया? आता कुठला नाग. पंचमी ऱ्हायली, नाग गेला." हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला म्हणत असणार, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

मला या वाक्याचं वाईट वाटलं, पण त्याबरोबर राग पण आला. माझं मत मी आधीच सांगून टाकतो. कोर्टानं केलं ते बरोबर केलं. नाग दूध पीत नाही. गोंगाटात, मडक्यात कोंडून, दिवसभर डिवचून फणा काढायला लावणं याला पूजा म्हणता येणार नाही. मी लहानपणी पुण्यात टोपलीवाल्या गारुड्याचा तोंड शिवलेला नाग बघितलाय, त्यामुळे या विषयात माझी श्रद्धा जरा पातळच आहे. शिराळ्याचे लोक सांगतात की आमच्याकडं दात काढत नव्हते, तोंड शिवत नव्हते, आणि त्यांचा हा मुद्दा रास्त आहे. तरीपण लाखभर माणसं गोळा झाली की प्रेमाची पण जत्रा होते.

हे सगळं मी शिराळकरला रस्त्यात सुनावलं. तो म्हणाला, "माझ्याशी काय बोलतोस? तात्यांशी बोल."

तात्या म्हणजे त्याचे थोरले चुलते. वय सत्तरीच्या आसपास, काटक, डोक्याला टोपी, बोलणं कमी. वीस-पंचवीस वर्षं पंचमीच्या आधी महिनाभर रानात नाग शोधत हिंडलेला माणूस. आम्ही रानात गेलो तेव्हा ते उसाला पाणी देत होते. शिराळकरनं ओळख करून दिली. तात्यांनी आमच्या बुटांकडं बघितलं आणि म्हणाले, "बूट बरं हायती. चला."

कुठं चला ते विचारायच्या आत ते निघाले पण! पुढं बांधावरून तात्या, मागं आम्ही. भात काढून झालेलं रान, मध्ये मध्ये उंदरांची बिळं. तात्या एका बिळापाशी थांबले. "ह्यात न्हाई." का? "तोंडावर जाळं हाय की." बघितलं तर खरंच बिळाच्या तोंडावर कोळ्याचं बारीक जाळं. कुणी आत-बाहेर केलं असतं तर ते तुटलं असतं. पुढचं बीळ. "ह्यात उंदीर हाय. ही बघा ताजी माती." त्याच्या पुढचं. इथं मात्र तात्या खाली बसले. तोंडाशी माती उकरलेली नव्हती, उलट गुळगुळीत झाली होती, हातानं सारवल्यासारखी. "हितं येतंय-जातंय." नाग स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या आयत्या बिळात राहतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण कुठल्या बिळात राहतो हे पुस्तकात नसतं.

आमच्या कामात लॉग वाचणं हा एक प्रकार असतो. सर्व्हर पडला की हजारो ओळींतून नेमकी कुठली ओळ बघायची हे अनुभवी माणसाला कळतं, नवीन पोराला कळत नाही. तात्या ते रान लॉगसारखं वाचत होते. गवत कुठं दबलंय, मातीवर वळणाची रेघ कुठून कुठं गेलीय, ती रेघ धामणीची की नागाची, कालची की आजची. अर्ध्या तासात त्यांनी आम्हाला जे दाखवलं ते आमच्यापैकी कुणालाच आधी दिसलं नव्हतं, आणि ते सगळं आमच्या बुटांखालीच होतं.

मग ऑनसाइटनं व्हायचं तेच केलं. म्हणाला, "तात्या, एक काढून दाखवा ना. फक्त लांबून बघतो. फोटो पण काढणार नाही." वर हळूच, "काय असेल ते देऊ आम्ही..."

शिराळकरचं तोंड उतरलं. मला वाटलं आता तात्या चिडणार, नाहीतर कायदा, केस, वनखातं असं काहीतरी सांगणार.

तात्या म्हणाले, "पंचमी न्हाई, आईचा कौल न्हाई. मग कशाला हात लावायचा?"

"म्हणजे बंदी नसती तरी..."

"बंदी परवाची हाय रं बाळा. तवा बी आमी डिसेंबरात नाग धरत नव्हतो."

आम्ही सगळे त्या बिळापासून चार हातांवर उभे. मला तोपर्यंत वाटत होतं की एकीकडं परंपरा, दुसरीकडं कायदा, आणि आपण शहरातली शहाणी माणसं कायद्याच्या बाजूला. या म्हाताऱ्याच्या परंपरेत नाग धरायला जेवढी जागा होती, तेवढीच न धरायलाही होती, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वर्षातले काही दिवस सोडले तर बाकी सगळं वर्ष नागाला हात लावायचा नाही, मारायचा तर नाहीच. रानात नाग निघाला तर कुदळ खाली ठेवून बाजूला व्हायचं. हा नियम कुठल्या कलमात नव्हता आणि तो मोडला म्हणून कुणाला दंड होत नव्हता.

"मग बिघडलं कुठं?" टेस्टरनं विचारलं. बग शोधायची सवय!

तात्यांनी तंबाखू मळत जरा वेळ घेतला. "बक्षीस आलं तवा. लांब नाग कुणाचा, फणा मोठा कुणाचा. मग पोरं इरंला पडली. आमच्या येळंला घरात एक नाग यायचा, पूजा व्हायची, जायचा. मग मंडळाचं दहा-दहा. लोकं लांबनं यायची, त्यास्नी दाखवायला पाहिजे. बघणारं वाढलं, तसं धरणारं वाढलं."

"बघणारं वाढलं" म्हणताना त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

मी त्यांना 2025 चं विचारलं. त्या वर्षी जुलैत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं, पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला शिकवण्यापुरती म्हणून, मोजक्या लोकांना नाग पकडायची परवानगी दिली होती. मिरवणूक नाही, खेळ नाही. गावात केवढा आनंद झाला होता म्हणे! तात्या म्हणाले, "चांगलं झालं. पण शिकवायचं असंल तर धरायला कशाला लागतंय? हे आत्ता तुमास्नी काय दावलं मी?" आणि उठून परत पाण्याकडं निघाले, कारण वीज रात्री येते आणि दिवसाची जी पाळी मिळते ती सोडून चालत नाही.

परत येताना बांधाच्या कडेला दगडात अडकलेली कात सापडली. जवळजवळ पुरती, फण्याच्या जागेवर पसरट झालेली. ऑनसाइट वाकला, पण तात्यांनी मागं वळून न बघताच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या तितंच." त्याला कसं कळलं हे मला अजून कळलेलं नाही.

रात्री गच्चीवर शेकोटी. थंडी मरणाची. ऑनसाइट बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "कार्डिफमध्ये जिकडं बघावं तिकडं ड्रॅगन. झेंड्यावर ड्रॅगन, मगवर ड्रॅगन, रग्बीच्या मॅचला लोक ड्रॅगनच्या टोप्या घालून. वेल्सच्या झेंड्यावरचा तो लाल ड्रॅगन 1959 मध्ये अधिकृत झाला, पण गोष्टी त्याच्या हजार वर्षं जुन्या. आणि किल्ल्याजवळ एक भिंत आहे, तिच्यावरून दगडाचे प्राणी डोकावतात. सिंह, अस्वल, काय काय. आम्ही चौदा महिन्यांत पन्नास वेळा त्या भिंतीपाशी फोटो काढले. एकानंही विचारलं नाही की खरा ड्रॅगन कुठाय."

"कारण खरा नसतोच," टेस्टर म्हणाली.

"तेच तर. त्यांचं सोपं आहे. इथं खरा आहे, अर्ध्या किलोमीटरवर बिळात झोपलाय, आणि तरी तो न बघता परत जायचं. हे अवघड आहे."

तुलना बरोबर बसते का मला माहीत नाही. शिराळकरला बसली नाही. तो म्हणाला, ड्रॅगन चावत नाही, पावसाळ्यात चिखलणीला उतरताना आमच्या आईच्या मनात ड्रॅगन नसतो. ज्याची रोज भीती असते त्याची वर्षातून एकदा पूजा करायची, यात एक हिशेब असतो, तो प्लॅस्टिकच्या नागाशी होत नाही. मग बराच वेळ वाद झाला. त्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच लस चालते इथपासून ते गावाच्या दवाखान्यापर्यंत सगळं येऊन गेलं. निकाल काही लागला नाही. काकूंनी खालून हाक मारली, "झोपा आता, सकाळच्याला मारुतीला जायाचं हाय न्हवं?"

मारुती म्हणजे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी शिराळ्याचा. 1654 ची स्थापना. चाफळ, मसूर, उंब्रज, बहे असे हे मारुती आसपासच पसरलेले आहेत, एका वीकेंडात होतात, पण ते धावतपळत करू नयेत असं माझं मत. शिराळ्याची मूर्ती सात फूट उंच, उत्तरेकडं तोंड. डोक्याच्या दोन्ही बाजूंना झरोके ठेवलेत, म्हणजे उगवताना आणि मावळताना उन्हाचा प्रकाश थेट चेहऱ्यावर पडतो. आम्ही अंधारातच जाऊन बसलो. धुकं होतं, त्यामुळे सूर्य उगवल्याची बातमी आमच्यापर्यंत उशिरा पोचली. मग शेंदराचा एक गाल आधी उजळला, आणि हळूहळू डोळा. दहा-बारा मिनिटांचा खेळ. तिकीट नाही, गर्दी नाही. आमच्याशिवाय एक आजी होत्या आणि दप्तर पाठीला लावलेला एक शाळकरी मुलगा, जो घंटा वाजवून एका सेकंदात पळाला. रविवारी सकाळी दप्तर घेऊन कुठं निघाला होता, क्लासला बहुतेक. हल्ली क्लास शिराळ्याला पण सोडत नाहीत.

नंतर चांदोली. कोकरूड, चरण, आरळा करत वारणेच्या काठानं जाणारा हा रस्ता फार सुंदर आहे. धरण, मागं पसरलेला वसंतसागर, आणि त्याच्या पलीकडं 2004 पासूनचं राष्ट्रीय उद्यान. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आत गवे दिसले, लांबून. वाघ अर्थातच नाही. गंमत म्हणजे वाघ दिसला नाही याची ऑनसाइटनंही तक्रार केली नाही. एका ठिकाणी आमच्या गाइडनं गाडी थांबवून ओल्या मातीतला ठसा दाखवला, तर आमच्या चारही माना एकदम खिडकीबाहेर. टेस्टरनं विचारलं, "कालचा की आजचा?" गाइड चमकून तिच्याकडं बघायला लागला.

सोमवारी ऑफिस. साधारण तीन आठवड्यांनी रात्री दहाला ऑनसाइटचा व्हिडिओ कॉल, शिराळकर आणि मी दोघंही लाइनवर. त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला होता. वॉचमन काठी घेऊन तयार, वरून बायका ओरडताहेत, आणि हा मध्ये हात पसरून उभा. "तात्यांना जोड, तात्यांना!" तात्या झोपले होते. उठून चष्मा लावून त्यांनी फोन नाकाला चिकटवला आणि म्हणाले, "जरा जवळ धरा. जवळ म्हंजे फोन, तुमी न्हवं." मग दोन सेकंदांत, "धामण हाय ती. पिवळट, लांब. काय करत न्हाई. काठीवाल्याला मागं घ्या. तुमच्याकडं सर्पमित्र असत्याल, त्यास्नी फोन लावा, आणि तवर वाट मोकळी ठेवा."

सर्पमित्र यायच्या आधीच ती कुंपणाच्या झाडीत निघून गेली. वॉचमन विचारत होता, कुठं गेली, कुठं गेली. ऑनसाइट मोबाइलच्या उजेडात कुंपणाच्या कडेची माती बघत बसला होता आणि तात्या फोनवरून सांगत होते, "तितं न्हाई, उजवीकडं बघा. गवत कुठं दबलंय?"